सरळ पात्याची जपानी तलवार गोव्याच्या घरात: निवड, मांडणी आणि पावसाळ्यातली निगा

जपानी तलवार म्हटली की डोळ्यांपुढे किंचित वाकलेलं पातं येतं. संग्राहकांसाठी बनणाऱ्या शोभेच्या तलवारींत मात्र सरळ पात्याचीही मोठी मागणी आहे: काळं म्यान, चौकोनी परज (मूठ आणि पातं यांमधली आडवी चकती), साधी मूठ. नवख्याची नजर आधी पात्याच्या चकाकीवर जाते. तलवार किती वर्षं राहील हे ठरतं ते न दिसणाऱ्या दोन जागी, मुठीच्या आत आणि म्यानाच्या आत. गोव्यात हे अधिकच खरं आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने ओल, आणि किनाऱ्यालगत बारा महिने खारी हवा. म्हणून इथे तलवार निवडताना आपलं घर कुठे आहे आणि आपल्या हातून निगा किती होईल, हा विचार आधी करावा.

नेमकं काय विकत घेत आहात

सरळ पातं मराठी माणसाला परकं नाही. पट्टा आणि फिरंग दोन्ही सरळच. जपानमध्येही आधी सरळ तलवारच होती. तिला चोकुतो म्हणतात. नारा काळात (७१०–७९४) आणि त्याआधीही ती वापरात होती. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात त्या काळची पाती आजही जपलेली आहेत. काशिमा देवस्थानातल्या सरळ तलवारीचं नुसतं पातंच सव्वादोन मीटरच्या घरात आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास घोडेस्वारांसाठी ताची ही वाकडी तलवार पुढे आली आणि सरळ पातं मागे पडलं.

बाजारात तुम्हाला बहुतेक वेळा दिसेल ती दुसरीच चीज: निंजातो, म्हणजे निंजा या जपानी हेरांची म्हणून विकली जाणारी तलवार. सरळ पातं, मोठी चौकोनी परज. हा आकार विसाव्या शतकात रंगभूमी आणि चित्रपटांमुळे रूढ झाला. जुन्या काळातली अशी अस्सल निंजा तलवार म्हणून पुराव्यानिशी दाखवता येईल असा नमुना नाही. तेव्हा ‘प्राचीन निंजा तलवारीची हुबेहूब प्रतिकृती’ असं सांगून कोणी चढा भाव लावला तर तो देऊ नका. वस्तू म्हणून आवडली तर जरूर घ्या, ती सुंदर असू शकते.

तिसरा प्रकार शिरासाया. परज नाही, मुठीवर गुंडाळी नाही, मूठ आणि म्यान दोन्ही साध्या लाकडाची. जपानमध्ये हा पातं साठवून ठेवण्याचा पोशाख आहे, वापरण्याचा नाही. सुरुवात करणाऱ्याला आमचा कौल याच प्रकाराला. भाग कमी, त्यामुळे सैल होणारं, बुरशी धरणारं, रंग उडणारंही कमी.

चौथा प्रकार काठीत लपवलेल्या तलवारीचा, शिकोमिझुए. तो भारतात घेऊच नका. कारण पुढे येतंच.

पैसे मोजण्याआधी कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ ही दोन नावं लक्षात ठेवा. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बंदुकांखेरीजच्या शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. त्यात तलवारी येतात, काठीतल्या तलवारी नाव घेऊन येतात, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रंही येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. अधिनियमाच्या कलम ४ नुसार केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागात अशी शस्त्रं बाळगायला परवाना लागतो.

‘धार नाही, मग काळजी नाही’ हा समज अर्धवट आहे. अधिनियमातली सूट खेळण्याखेरीज कशालाही उपयोगी न पडणाऱ्या आणि खऱ्या शस्त्रात रूपांतर करता न येणाऱ्या वस्तूंना आहे. ६५ सेंटिमीटरचं पोलादी पातं बोथट असलं तरी सहाणेवर धार लागू शकते. लाकूड, किंवा जस्त-ॲल्युमिनियमच्या मऊ मिश्रधातूचं पातं या बाबतीत कितीतरी सुरक्षित. तरीही सगळ्यांनी करायचं काम एकच: तलवारीचं छायाचित्र, पात्याची लांबी, रुंदी, धातू आणि धारेची स्थिती एका पानावर लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या शस्त्र परवाना विभागाला अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी होकारावर थांबू नका. ते उत्तर आणि खरेदीचं बिल तलवारीसोबतच ठेवा. बिलावर ‘शोभेची, धार नसलेली’ असं वर्णन आणि धातूचं नाव लिहून घ्या.

परदेशातून थेट मागवणं नवख्याने टाळावं. अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे शस्त्र देशात आणायला परवाना लागतो, आणि तलवारींना सीमाशुल्कात ९३०७ हा स्वतंत्र क्रमांक आहे. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहिल्याने ते सुटत नाही, उलट खोटं विवरण दिल्याचा ठपका येतो.

घराबाहेर तलवार उघडी नेऊ नका. निवडणुका किंवा तणावाच्या काळात दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं कलम १४४) शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी घालतात. डिचोली-सत्तरीकडे शिगम्यात घोडेमोडणी या नाचात तलवार हातात असते, पण तिला परंपरेचं आणि गावाचं पाठबळ असतं. त्या दाखल्यावर आपली तलवार मिरवता येत नाही. दुकानातून घरी आणताना खोकं बंद, टेप लावलेलं, गाडीच्या डिकीत, बिल जवळ.

भागांची नावं

विक्रेते जपानी नावंच वापरतात, म्हणून एवढी पाठ असावीत. मूठ ती त्सुका, परज ती त्सुबा, म्यान ते साया. पात्याच्या बुडाशी बसवलेला धातूचा छोटा पट्टा म्हणजे हाबाकी. म्यानाच्या तोंडात तलवार धरून ठेवतो तो हाच. मुठीत शिरणारा पात्याचा भाग नाकागो, आणि मूठ व नाकागो यांतून आरपार जाणारी बांबूची खुंटी मेकुगी. मुठीवर गुंडाळलेली पट्टी इतो, तिच्याखाली पाकट माशाचं खरबरीत कातडं, समे. म्यानाचं तोंड कोइगुची. पात्यावरची ढगासारखी पांढुरकी रेघ हामोन.

शोभेच्या सरळ तलवारीचं पातं साधारण ६० ते ७० सेंटिमीटर, मूठ २५ ते २८ सेंटिमीटर आणि म्यानासह लांबी एका मीटरच्या आसपास असते. भिंतीवरची जागा आधी मोजा, दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर मोकळे सोडा.

पात्याचा धातू

शोभेच्या तलवारींत ४२० किंवा ४४० क्रमांकाचं स्टेनलेस पोलाद सर्रास असतं. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही, हा समज किनाऱ्यावर फार महागात पडतो. ४२० मध्ये क्रोमियम साधारण १२ ते १४ टक्के असतं. त्याचा अदृश्य थर पोलादाला राखतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो थर ठिपक्याठिपक्याने फोडतं आणि तिथे सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. हे खड्डे पुसून जात नाहीत. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा समुद्राजवळच्या घरात स्टेनलेस पात्यालाही पुसणं आणि मेणाचा हात हवाच.

कार्बन पोलादाची पाती १०४५, १०६०, १०९५ अशा क्रमांकांनी विकली जातात. शेवटचे दोन आकडे कार्बनचं प्रमाण सांगतात: ०.४५, ०.६०, ०.९५ टक्के. ही पाती दिसायला जिवंत असतात, पण ओलसर हवेत बोटाचा ठसाही एका दिवसात तांबूस उमटतो. घर महिनामहिना बंद राहत असेल तर कार्बन पोलाद घेऊ नका.

हामोनबद्दल एक खूण. खरी हामोन कार्बन पोलादावर मातीचा लेप देऊन, तापवून, विझवल्यावर येते. स्टेनलेस पात्यावरची हामोन आम्लाने कोरलेली किंवा घासून काढलेली नक्षी असते. लाटांचा एकच साचा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर ती नक्षीच. शोभेच्या वस्तूत हा दोष नाही, पण तिचे पैसे हामोनच्या भावाने देऊ नका.

दुकानात हातात घेतल्यावर

सर्वांत आधी मूठ. स्वस्त तलवारींत पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि पुढे पेन्सिलीएवढी आटे पाडलेली सळई वेल्ड करून, मुठीच्या टोकाला नटाने आवळलेली असते. सगळा भार त्या एका जोडावर येतो. अशी तलवार हवेत एकदा जोराने फिरवली तरी जोड तुटून पातं सुटतं, आणि बोथट पात्याचं टोकही शरीरात घुसतं. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा, पातं मुठीत किती आत जातं? मेकुगीची खुंटी दिसत असेल तर ती काढून नाकागो दाखवायला सांगा. नाकागो पात्याइतकाच रुंद, मुठीच्या निदान दोन तृतीयांशापर्यंत गेलेला असेल तर उत्तम. खुंटीच नाही आणि मुठीच्या टोकाला नट आहे, तर ती वस्तू फक्त भिंतीसाठी समजा. आणि खरं तर कुठलीच शोभेची तलवार फिरवू नये.

मग मूठ घट्ट धरून मनगटाला हलका झटका द्या. खुळखुळ ऐकू आली तर परज सैल आहे किंवा आतला जोड हलतोय. परज सैल असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या, सेप्पा, बदलून काम होतं. जोड हलत असेल तर तलवार परत करा.

पातं डोळ्यांच्या रेषेत धरून पाठीवरून टोकापर्यंत पाहा. सरळ पात्यात बाक लपत नाही. किंचितही डावी-उजवीकडे झुकलेलं पातं म्यानात एका बाजूने घासतं, आणि तिथेच आधी गंज धरतो.

म्यानाची चाचणी गादीवर, हातभर उंचीवरून करा. तलवार पूर्ण बसवा आणि म्यानाचं तोंड थोडं खाली करा. हाबाकीने धरून ठेवलं पाहिजे, पातं आपोआप घसरता कामा नये. मग बाहेर काढा. सुरुवातीला हलका अडसर आणि नंतर मोकळं, हे योग्य. शेवटपर्यंत खरखर येत असेल तर आत लाकडाचे तंतू किंवा डिंकाचे गोळे राहिलेत.

इतोची गुंडाळी पाहताना प्रत्येक फुलीवर वरची पट्टी आळीपाळीने बदलते का ते पाहा, आणि अंगठ्याने ढकला. पट्टी सरकली तर ती नुसती डिंकावर चिकटवलेली आहे. खऱ्या समेचे दाणे लहानमोठे असतात, प्लास्टिकचे एकसारखे.

काढणं आणि ठेवणं

डाव्या हाताने म्यान तोंडाजवळ धरा, बोटं धारेच्या बाजूच्या फटीवर येऊ देऊ नका. म्यान दोन फळ्या चिकटवून बनतं, सांधा उकलला तर धार बाहेर येऊ शकते. डाव्या अंगठ्याने परज पुढे ढकलून हाबाकी सैल करा, मग पात्याची पाठ म्यानाला टेकवून सरळ रेषेत काढा. घालताना टोक पाठीच्या बाजूने टेकवून हळू सरकवा. सरळ पात्यात मनगट वळवण्याची गरज नाही, वळवलं तर म्यान आतून खरवडलं जातं.

घरी आल्यावर पहिलं काम

नव्या पात्यावर कारखान्याचं चिकट ग्रीस असतं. ते तसंच ठेवलं तर धूळ धरतं. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, शक्यतो ९९ टक्क्यांचं. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणीच असतं, ते वापरलं तर लगेच कोरडं पुसा. जुन्या धुतलेल्या मलमलीच्या घडीवर थोडं घेऊन हाबाकीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, पाठीच्या बाजूने धरून पुसा. मुठीकडे ओघळू देऊ नका.

मग तेल. कार्बन पोलादाला शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा औषधी लिक्विड पॅराफिन. प्रत्येक बाजूला दोन थेंब, कापडाने पसरवून, पुन्हा कोरड्या कापडाने जवळजवळ पुसून काढायचं. पात्यावर ओघळ दिसला तर तेल जास्त झालं. जास्तीचं तेल म्यानाचं लाकूड पितं आणि मग तिथे मळ साठतो. खोबरेल वापरू नका. घराघरांत ते हाताशी असतं म्हणून लावलं जातं, पण काही महिन्यांत ते खवट आणि चिकट होतं, आणि म्यानात शिरलं की निघत नाही. स्टेनलेसला तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात चांगला, तो पावसाळाभर टिकतो.

जागा

चिऱ्याच्या जुन्या घरांत जमिनीची ओल भिंतीत मीटरभर तरी वर चढते. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो. तेव्हा तलवार आतल्या भिंतीवर, जमिनीपासून दीड मीटरच्या वर लावा. लहान मुलं असतील तर त्याहूनही वर, किंवा कुलपाच्या कपाटात. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको. चिरा सच्छिद्र असतो, छोटा खिळा दोन वर्षांत ढिला होतो. ८ मिलिमीटरचा प्लग आणि ५० मिलिमीटरचा स्क्रू चिऱ्याच्या मध्यात घ्या, दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात नको. मांडणी आणि भिंत यांत बोटभर हवा राहू द्या.

आडवी मांडताना धार वर आणि मूठ बघणाऱ्याच्या डावीकडे. म्यानातल्या पात्याचा भार त्यामुळे धारेवर न येता पाठीवर येतो. म्यानाला लटकवण्याच्या दोन कड्या असलेली चोकुतोची प्रतिकृती असेल तर ती धार खाली ठेवून मांडतात. उन्हाची तिरीप नको, इतोचा रंग उडतो आणि म्यानाचं लाखकाम तडकतं.

वातानुकूलित खोलीत एक धोका लक्षात येत नाही. रात्रभर खोली थंड, सकाळी यंत्र बंद, खिडकी उघडली की दमट हवा थंड पोलादावर दव धरते. अशा खोलीत तलवार उघडी नको, काचपेटीत हवी. ११० बाय २५ बाय २० सेंटिमीटरच्या पेटीत ५५ लिटर हवा असते. दारांना रबरी पट्टी लावून आत २५० ग्रॅम केशरी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य. ४० च्या खाली नेऊ नका, म्यानाचा सांधा उकलतो आणि मेकुगी आक्रसते. जेल हिरवट झालं की ताटात पसरून ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास तापवा, गार करून पुन्हा वापरा.

जून ते सप्टेंबर

मेच्या अखेरीस, पहिल्या सरीआधी, तलवार काढून पुसा आणि ताजा तेलाचा किंवा मेणाचा हात द्या. म्यान सावलीत पंख्याखाली दिवसभर तोंड उघडं ठेवून वाळवा. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी कार्बन पातं बाहेर काढून पुसा आणि तेल बदला, स्टेनलेसला महिन्यातून एकदा पाहणी पुरे. म्यानात आहे म्हणजे सुरक्षित आहे असं धरू नका. ओल प्यायलेलं लाकूड पात्याला चारही बाजूंनी वेढून असतं. तलवार ज्या फोमच्या खोक्यात आली तेही साठवणीला वापरू नका.

जुलैत म्यान अडकलं तर घाबरू नका, लाकूड फुगलेलं असतं. पिळू नका, ठोकू नका. खोली दोन दिवस कोरडी ठेवा, मग दोघांनी सरळ रेषेत ओढा. तोंड लगेच घासून मोठं केलंत तर डिसेंबरात लाकूड आकसल्यावर तलवार म्यानातून सुटू लागेल.

तांबूस डाग दिसला तर त्यावर तेलाचा थेंब टाकून तासभर ठेवा, मग कापडाने एकाच दिशेने चोळा. हट्टी डागाला बांबूची चपटी काडी. तारेची घासणी, वाळूचा कागद, पितळेचं पॉलिश ही तीन नकोतच. कोरलेली हामोन पॉलिशने एका बैठकीत पुसट होते. चिंच, आमसूल, लिंबू ही पितळेच्या समयांना ठीक, पोलादाला त्यांतलं आम्ल खातं आणि करडा डाग कायमचा राहतो.

इतोवर पांढरी बुरशी आली तर कोरड्या मऊ ब्रशने गच्चीत झटका आणि मूठ पंख्याखाली ठेवा. ओलं फडकं लावलं तर ओल समेच्या खाली शिरते आणि नाकागो आतून गंजतो. जस्ताच्या परजेवर पांढरी भुकटी येते, ती कापडाने पुसून मेण लावा.

मेकुगी वर्षातून दोनदा दाबून पाहा, पावसाळ्यानंतर आणि फेब्रुवारीत. ती एका बाजूने जाड असते, बारीक बाजूने लाकडी काडीने ठोकून काढतात. सैल झाली तर पक्क्या, वर्षभर वाळलेल्या बांबूच्या सालीकडच्या भागातून नवी तासा. जाडी साधारण ५ ते ६ मिलिमीटर, भोकात तीन चतुर्थांश हाताने जावी आणि उरलेली ठोकून बसावी. लोखंडी खिळा घालू नका, तो नाकागोचं भोक कापतो.

खंडेनवमीला

बऱ्याच घरांत ही तलवारही पूजेत मांडतात. ओलं गंध, हळद-कुंकू पात्यावर लावलं की त्या ठिपक्याखाली गंज धरतो, आणि ठिपक्याचा आकार कायमचा उमटतो. गंध परजेखाली कागदाची पट्टी ठेवून तिच्यावर किंवा मांडणीच्या लाकडावर लावा. फुलं पात्याला टेकू देऊ नका, झेंडूच्या देठातलं पाणी पुरेसं असतं. पात्यावर लावणं घरच्या रीतीत असेलच, तर त्याच संध्याकाळी अल्कोहोलने पुसून दोन थेंब तेल द्या. म्यानात मात्र दुसऱ्या दिवशी घाला, तोवर कोरड्या सुती कापडात गुंडाळून उंचावर ठेवा.